कच्चे जोड

जोड जरासा पिळून पाहिला आणि पाइप सरळ हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही. शिडीच्या सातव्या पायरीवर मी उभा होतो. डावा हात छताच्या लोखंडी पट्टीवर, उजव्या हातात दीड हात लांबीचा नारिंगी पाइप, आणि त्याचं उघडं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्या तोंडाला लाल सिमेंटचा थेंबही लागलेला नव्हता. कापताना उठलेली खरखरीत कड तशीच होती, आणि तिच्यामागे दोन बोटं रुंदीचा एक तेलकट पट्टा सकाळच्या मळकट उजेडात चमकत होता. मी वास घेतला. मोहरीचं तेल होतं. दिल्लीत मुनिरक्याच्या माझ्या गल्लीत सकाळी पकोडे ज्यात तळतात आणि थंडीने फुटलेल्या हातांना इथली माणसं जे चोळतात, ते तेल. मला राग आला. आणि राग आला की माझं जे होतं तेच झालं: तोंड कोरडं पडलं, कानांच्या पाळ्या तापल्या, आणि शब्द एकही सुचला नाही. मजल्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, एवढीच काय ती सोय.

या पाइपाला आटे नसतात, वेल्डिंग नसतं. जोडाच्या आतून आणि पाइपाच्या बाहेरून लाल सिमेंट लावायचं, पाव फेरा देत आत दाबायचं, अर्धा मिनिट धरून ठेवायचं. प्लास्टिक प्लास्टिकात विरघळतं आणि दोन वस्तूंची एक वस्तू होते. मग जोडाच्या ओठावर एक बारीक लाल कडं उमटतं. ते कडं आहे की नाही हे पाहणं, हे माझं काम. आगीच्या वेळी ज्या तोट्यांतून पाणी फवारलं जाणार त्या तोट्यांपर्यंत पाणी नेणारा प्रत्येक जोड, पाण्याचा दाब देऊन चाचणी होण्याआधी, डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचा. चाचणीआधी का, असं लोक विचारतात. कारण कोरडा जोडसुद्धा आवळून बसतो, आणि चाचणीच्या दोन तासांत तो पाण्याचा दाब बऱ्याचदा निमूटपणे धरून ठेवतो. त्यातली भयंकर गोष्ट हीच आहे. तो उत्तीर्ण होतो. कागदावर शिक्का बसतो, खालून छताच्या पांढऱ्या फरशा बसतात, माणसं येऊन खुर्च्यांवर बसतात, आणि मग आठ महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी, एखाद्या साध्या दुपारी किंवा नेमक्या आगीच्या दिवशी, तो सुटतो. त्यात हे तेल. तेलाने हे प्लास्टिक आतून तडकत जातं, केसाएवढ्या भेगांनी, सावकाश, कुणाला न सांगता.

मी तो तुकडा बगलेत धरला आणि शिडी सरकवत पुढचे जोड पाहू लागलो. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथ्यावर कडं नव्हतं, पिळला, फिरला. पाचवा ठीक, सहावा ठीक, आणि सातवा पुन्हा बोटांखाली तेलकट. राग वाढत होता आणि मी तो वाटत होतो, जणू तो माझ्याकडे शिधा म्हणून आलेला होता: थोडा फिटरांना, थोडा बिल्डरला, थोडा त्या कॉल सेंटरवाल्यांना, ज्यांना हा मजला फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला हवा होता आणि ज्यांची नऊशे माणसं तीन पाळ्यांत इथे कानांना यंत्रं लावून परक्या माणसांशी गोड आवाजात बोलणार होती. गुडगावच्या या नवव्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या काचा अजून बसायच्या होत्या. तिथून गार वारा सरळ आत येत होता, आणि खाली, दोन अर्धवट इमारतींच्या मध्ये, कुणीतरी विकायची राहून गेलेली जमिनीची एक पट्टी मोहरीने पिवळीधमक फुललेली होती. ते पिवळेपण मला असह्य झालं. एरवी मी त्याच्याकडे पाहत चहा घेतो. एरवी मला ते फार आवडतं, इतकं की मी त्याविषयी वहीत काहीबाही लिहितोही. त्या सकाळी मात्र वाटलं, हे सगळं शहरच असं आहे: मुळाशी कुणी काही जोडलेलं नाही, सगळं नुसतं एकमेकांत खुपसून ठेवलेलं, आणि वरून रंग. वाक्य सुचलं आणि मला त्याचाही राग आला. वाक्यं सुचतात मला. बोलता येत नाही, वाक्यं सुचतात.

आदल्याच दिवशी, रविवारी, आम्ही पानिपतला गेलो होतो. चौदा जानेवारीला दिल्लीतली मराठी मंडळी काला अंबला जातात. बस करतात, पुरणपोळ्या नेतात, स्मारकापाशी फुलं वाहतात. विश्वनाथकाका सबनीस गेली चोवीस वर्षं जातात. काका म्हणजे माझ्या वडिलांचे बालमित्र आणि माझे साहेब. सत्तरच्या दशकात चाळीसगावहून दिल्लीत आले, सरकारी नोकरी केली, मग ती सोडून आग-सुरक्षेच्या तपासणीची ही छोटी कंपनी काढली. गुडगाव वाढत गेलं तशी तीही वाढली. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास होऊन मी मुनिरक्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेलो असताना त्यांनी मला उठवून नोकरीवर घेतलं. दर रविवारी त्यांच्या पश्चिम विहारच्या घरी माझं जेवण असतं, आणि प्रभाकाकू मला वाढताना 'पोरगं वाळलंय' असं दर वेळी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखं म्हणतात. त्यांची मुलगी नीरजा, तिचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं, मला विचारते, "मानसदादा, तू बोलतोस कधी तरी, की तुला चार्जिंगला लावावं लागतं?" सगळे हसतात, मीही हसतो. काल स्मारकापाशी काकांनी नेहमीप्रमाणे चार शब्द सांगितले. लढाई तलवारीने हरलो नाही, म्हणाले. कुणीतरी तोंडावर उभं राहून खरं सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही म्हणून हरलो. लोकांनी माना डोलावल्या. मग काकूंनी तिळगुळाचा डबा फिरवला, "घ्या, गोड बोला" म्हणत, आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "तू नुसतं बोल रे बाबा, गोड राहू दे." पुन्हा सगळे हसले. परतताना बसच्या खिडकीच्या काचेवर डोकं टेकवून मी धुकं पाहत होतो, आणि काका पुढच्या आसनावरून मागे वळून म्हणाले होते, "उद्या नववा मजला क्लिअर कर हं. परवा टेस्ट आहे. बिल्कुल रूटीन." मी मान हलवली होती.

"राम राम साहब. सवेरे-सवेरे ऊपर टँगे हैं?"

खाली द्वारका उभा होता, फिटरांच्या टोळीचा मुकादम, हातात चहाचे दोन काचेचे पेले. मूळचा उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा, पन्नाशीचा, अंगात विटकरी रंगाचं स्वेटर, आणि दोन्ही हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. तीस वर्षं त्याने लोखंडी पाइपात काढली होती. प्लास्टिकच्या पाइपाला तो खिलौना म्हणतो. पहिल्या दिवशी एक तुकडा हातावर तोलून त्याने मला विचारलं होतं, "ई आग बुझाएगा कि होली खेलेगा?"

माझ्या बगलेतला तुकडा त्याला दिसला. "ई कहाँ से निकाल लिए?"

"निकाला नहीं. निकल गया."

"तो रख दीजिए. लगा देंगे."

"तेल किसने लगाया?"

तो मनापासून हसला. "बिना तेल के ई घुसता है, साहब? लोहे में चूड़ी काटते हैं तो तेल नहीं डालते? तीस साल से डाल रहे हैं. आज तक कउनो पाइप शिकायत नहीं किया."

चूड़ी म्हणजे आटे. मी शिडीवरून खाली उतरलो नाही. वरून बोलणं सोपं जाईल असं मला वाटलं असावं. त्याला मी सोल्यूशनबद्दल विचारलं (सिमेंटला इथे सगळे सोल्यूशनच म्हणतात), आणि त्याने शांतपणे सांगितलं: अख्खा मजला आधी कच्चा जोडून घेतला होता, मग या टोकापासून, मध्ये वीजवाल्यांचं काम अडलं तिथले सोडून, एकेक जोड काढत, सोल्यूशन लावत, पक्का करत निघाले, खिडकीपर्यंत पोचले तेवढ्यात छतवाले आले, म्हणाले हटा. हटले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा कुठला पक्का झाला होता आणि कुठला राहिला होता, हे कुणाला आठवणार? दिसायला सगळे सारखे. "अब ई तो भगवान जाने कि आप जानें."

"लेकिन कच्चा किया ही क्यों?" माझा आवाज चिरकला. मोकळ्या मजल्यावर तो भिंतींना लागून परत आला आणि मला स्वतःचाच अनोळखी वाटला. "किसने कहा था कच्चा करने को? बताओ, किसने?"

द्वारकाने एक पेला जमिनीवर ठेवला, दुसऱ्यातला एक घोट घेतला, आणि वर माझ्याकडे पाहत, कसलाही ठपका न ठेवता म्हणाला, "आप ही से तो पूछे थे."

मग तो चहा तिथेच ठेवून, टोळीला बोलवायला म्हणून, जिन्याकडे गेला.

लोखंडी पाइपाच्या कामात ही जुनी रीत आहे. आधी सगळी ओळ हातानेच आवळून जोडायची, दोरी धरून रेषा पाहायची, उतार पाहायचा, छतवाल्यांच्या आणि वीजवाल्यांच्या आड कुठे येत नाही ना ते पाहायचं, आणि मग एका टोकापासून पाना लावत जायचं. शहाणी रीत आहे. लोखंडात चुकलेला जोड लपत नाही, पहिल्याच पाण्याला ठिबकून स्वतःचं नाव सांगतो. ती रीत या पाइपाला चालत नाही, एवढं एकच वाक्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला त्या बारा माणसांना सांगायचं होतं. मला त्यासाठीच पाठवलं होतं. तळघरात, पिवळ्या दिव्याखाली, मी कंपनीच्या पुस्तिकेतले मुद्दे हिंदीत वाचून दाखवत होतो, आणि माझ्या हिंदीतली लिंगं चुकत होती, आणि मागे बसलेले दोघे त्यावर हसत होते. वाचून झालं. मी पुस्तिका मिटली. मला तिथून फक्त निघायचं होतं. तेव्हा द्वारका उभा राहिला आणि त्याने अतिशय सभ्यपणे विचारलं, "साहब, पहिले सब कच्चा जोड़ लें, फिर एक साथ पक्का कर देंगे. ठीक है?" बारा तोंडं माझ्याकडे वळली. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ते सांगायला आणखी दहा वाक्यं लागली असती, आणि त्या दहा वाक्यांत आणखी किती लिंगं चुकली असती कोण जाणे. मी मान हलवली. होकारार्थी. मान हलवली की माणसं गप्प होतात आणि तुम्हाला जाता येतं, हे मला फार लहानपणी कळलेलं आहे.

मला वाटतं मी तेरा वर्षांचा होतो. अण्णांना, माझ्या वडिलांना, जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आई घरी पाठच्या बहिणीपाशी होती म्हणून रात्रभर त्यांच्याजवळ मी होतो. पहाटे चारला एक गोळी द्यायची होती. मी झोपलो. सकाळी परिचारिकेने तक्त्यावर पेन टेकवून विचारलं, "चारची गोळी दिलीस ना रे?" मी मान हलवली. तिने तक्त्यावर खूण केली. ती निळी खूण मला अजून दिसते, तिची शेपटी जरा लांब गेली होती. आणि काही झालं नाही. अण्णा पुढे चांगली सहा वर्षं जगले, दुसऱ्याच कशाने तरी गेले. काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं पाप आहे. पण काही झालं नाही, आणि माझ्या आत कुठेतरी एक जोड कोरडाच बसला, आणि त्याने दाब धरला. पुढे वर्गात, मुलाखतीच्या खोलीत, काकूंच्या ताटापुढे, घरमालकासमोर, मी मान हलवत आलो. लोक मला सालस म्हणतात. शिडीवर उभं राहून मी हा शब्द स्वतःशी दोनतीनदा म्हटला आणि मला इतकी चीड आली की हातातल्या तुकड्याने समोरच्या खांबावर ठोसा मारावा असं वाटलं. मारला नाही. तुकडा नीट उभा करून ठेवला आणि पुढचा जोड पिळला. एकवीस जोड तपासले. सात कोरडे होते. मजल्यावर एकूण चारशेच्या वर जोड होते, आणि अर्ध्याहून अधिक मजल्याचं छत बंद झालेलं होतं.

बाराच्या सुमाराला काका आले. बरोबर बिल्डरचा साइट इंजिनिअर राजीव होता, चकचकीत बूट, दोन मोबाइल, आणि पिवळं हेल्मेट डोक्याऐवजी काखेत. त्यांच्या मागोमाग द्वारका आणि त्याची माणसं वर येऊन भिंतीशी उभी राहिली. काकांनी फाइल माझ्या दिशेने उंचावली.

"अरे मानस, अजून वरच लटकलायस? चल, उतर, सही कर. प्रभाने तुझाही डबा दिलाय, गुळाच्या पोळ्या आहेत. गार होतील."

"काका, जोड कोरडे आहेत."

"किती?"

"एकवीस पाहिले, सात निघाले. तेल पण लावलंय."

काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना नाराजी लपवायची असली की ते चष्मा पुसतात. "धरतील रे. टाइट असतात ते."

"हो, धरतील. म्हणूनच तर..."

"म्हणूनच तर काय? मी तुझ्या जन्माच्या आधीपासून टेस्ट घेतोय. दाब धरला की पास. आपण भविष्य सांगायला बसलोय का?"

राजीवला शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. तो हसून म्हणाला, "क्या बात है सबनीस साहब, आपका लड़का तो बोलता भी है! यार मानस, छत वाले नीचे खाली बैठे हैं. ये शायरी कल कर लेना."

 शब्द नेहमीप्रमाणे आलेच नाहीत, हात मात्र आला. समोरची फांदी, म्हणजे मुख्य पाइपातून फुटलेला पाइप, मी दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. ती जोडातून सुटली. तिच्या पुढचीही ओढली. तीही सुटली, आणि तिचं लांब टोक कंस काढत खाली आलं आणि राजीवच्या बुटांपासून हातभर अंतरावर लोंबत राहिलं. तो मागे सरला. त्याचं हसू गेलं. त्याने वाकून त्या उघड्या तोंडाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि काकांकडे पाहिलं. आता कुणालाच काही न पाहिल्यासारखं करता येणार नव्हतं.

काका वळले ते द्वारकाकडे. हिंदीत त्यांचा आवाज निराळा होतो, जाड होतो. "द्वारका! ये क्या है?"

द्वारकाने आधी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्याने नजर खाली घेतली. "जी, काम तो हमारी टोली का है."

"तेल? कच्चा? तुमको प्लास्टिक और लोहे का फ़र्क़ नहीं मालूम? कल से तुम और तुम्हारी टोली साइट पर नहीं दिखेगी. राजीव जी, लिख लीजिए."

 भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांतल्या एकाने कानांवर गुंडाळलेला मफलर सोडला. इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत ती सगळी राहत होती. काम गेलं की त्या खोल्याही जातात, त्याच संध्याकाळी, जानेवारी असो की जून. मला ते ठाऊक होतं. मला हेही दिसत होतं की सगळं आता माझ्या मनासारखंच होणार आहे. मजला उघडला जाईल. जोड नव्याने होतील. नऊशे माणसं सुरक्षित बसतील. आणि मी तो तपासनीस ठरेन, ज्याने साहेबांसमोर पाइप ओढून दाखवला. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि त्यात माझा हात धरणारा अजून कुणी भेटलेला नाही.

"काका," मी म्हणालो, "त्याने विचारलं होतं. नोव्हेंबरात. कच्चं करू का म्हणून. मी हो म्हटलं होतं."

काका शिडीच्या अगदी जवळ आले. एक हात त्यांनी माझ्या बुटावर ठेवला. आवाज इतका खाली आणला की तो मला रविवारच्या दुपारच्या, जेवणानंतरच्या, त्यांच्या घरातल्या आवाजासारखा वाटला. "हळू बोल. हे मी ऐकलेलं नाही. या दोघांना मराठी येत नाही. मजला खोलू, नवी टोळी लावू, तुझ्या मनासारखं होईल. तुझं नाव कशाला मध्ये? बळवंतला मी शब्द दिलाय तुझा. बस, आता गप्प राहा. तेवढं तर तुला येतं ना?"

बळवंत म्हणजे अण्णा. काकांच्या डोळ्यांत खरोखरच माया होती. ती पाहून मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. तो काकांवर नव्हता. मी मराठीत बोललो होतो. द्वारकाची नोकरी जात होती, त्याची माणसं भिंतीशी उभी होती, आणि मी माझा अपराध अशा भाषेत कबूल केला होता जी त्या मजल्यावर फक्त मला माफ करणाऱ्या माणसाला कळत होती. ठरवून नाही. आपोआप, सहज. मान हलवावी तसं. ही हुशारी माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की खरं बोलतानासुद्धा तिने मला न विचारता दार आतून लावून घेतलं होतं.

"द्वारका ने पूछा था," मी ओरडलो. वारा आत येत होता, कदाचित म्हणून ओरडलो. "मेरेको पूछा था. सबके सामने. कच्चा करूँ क्या. मैंने हाँ बोला. मना करना मेरा काम था, मैंने हाँ बोला. गलती मेरा है."

भिंतीशी कुणीतरी फिसकन हसलं, त्या 'मेरा'वर असेल. हसू दे. राजीव आपल्या मोबाइलकडे बघत राहिला, जणू त्यावर काहीतरी लिहून येणार होतं. काकांनी माझ्या बुटावरचा हात काढला. फाइल मिटली, तिची नाडी बांधली, गाठ नीट बसली का ते पाहिलं. मग ते माझ्याशी हिंदीत बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मानस जी, आप जो बोले वो लिख के दे दीजिए. कल से आपके आने की ज़रूरत नहीं है." आणि राजीवकडे वळून, "टेस्ट नहीं होगा. छत पूरी खुलवाइए. सब जोड़ दोबारा होंगे, इसी टोली से. पैसा मेरी कंपनी देगी."

ते जिन्याकडे गेले. कठडा न धरता ते जिना उतरत नाहीत, गुडघे दुखतात. आज त्यांनी कठडा धरला नाही. राजीव फोनवर बोलत त्यांच्या मागे गेला. मी वरच होतो. आता काहीतरी वाटेल असं मला वाटत होतं, हलकं वगैरे; तसं वाटतं असं वाचलेलं होतं. काही हलकं झालं नाही. तोंड कोरडंच होतं, कान तसेच तापलेले.

द्वारका पुढे आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि 'माफ' हा शब्द कसाबसा ओठांपर्यंत आणला, तेवढ्यात त्याने हात वर करून मला थांबवलं.

"अब बोले," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. सकाळपासून पहिल्यांदा तो चिडलेला मला दिसत होता. "दो महीना मुँह में दही जमाए बैठे रहे, अब बोले! ओ दिन बोल देते तो आधे घंटे का बात था. अब चार सौ जोड़ काटेंगे, ई ठंड में, अपने हाथ से. और सोल्यूशन इस ठंड में सूखता है? दिन-दिन भर पकड़ के बैठो." त्याच्या मागे टोळी उभी होती आणि कुणीही हसत नव्हतं. "और चिल्ला काहे रहे थे? हम बहरे हैं?"

मी नाही म्हणालो. तोंडाने म्हणालो.

"उतरिए. सीढ़ी दीजिए."

मी उतरलो. तो वर चढला, बुटांची माती पायऱ्यांवर झाडत, आणि पहिला जोड मुठीत घेऊन त्याने तो पिळला. मी खाली शिडी धरली. ओळीतला तो जोड सुटेना, पक्का निघाला. त्याने पुढचा घेतला.

"ठीक से पकड़िए," वरून तो खेकसला, "हिल रही है."

शिडी हलत नव्हती. माझे हात हलत होते, रागाने, आणि तो राग ढकलून द्यायला आता मजल्यावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी पाय रोवले आणि पकड घट्ट केली.